ईली मूरचं नाव घेण्याआधी एवढं वाचा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका ही विनंती.

गेल्या पंधरा दिवसांत तालुक्यातल्या निदान चार ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "अमेरिकेनं १८३४ सालीच कामगार नेता संसदेत पाठवला, आपण कधी पाठवणार?" खाली हात जोडलेला इमोजी आणि त्याखाली आपल्याकडच्या एका इच्छुक कामगार पुढाऱ्याचा फोटो. कोण ते सांगायची गरज नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. माझं त्यांच्याशी वैयक्तिक काही नाही. कामगारांमधून कुणी वर जात असेल तर जावं, जायलाच पाहिजे, हे माझं जुनं मत आहे आणि आजही तेच आहे.

पण बाबांनो, ज्याचा दाखला देताय तो माणूस कोण होता, संसदेत जाऊन त्यानं काय दिवे लावले, हे एकदा तरी बघायचं होतंत. मेसेज बनवणाऱ्यानं साल आणि देश शोधला, तिथंच थांबला. पुढचं मी सांगतो.

माणसाचं नाव ईली मूर. जन्म ४ जुलै १७९८, न्यू जर्सीतल्या बेल्व्हिडिअर गावाजवळचा. धंद्यानं छपाईवाला. न्यूयॉर्कला गेला, खिळे जुळवायचं काम शिकला, पुढे संपादकही झाला. म्हणजे आमच्याच जातकुळीतला म्हणायचा. (ज्यांनी जुने छापखाने बघितलेत त्यांना ठाऊक आहे, खिळे जुळवणारा माणूस गावातल्या कुठल्याही मास्तरापेक्षा जास्त वाचलेला असायचा.)

त्या काळातलं न्यूयॉर्क डोळ्यांसमोर आणा. सुतार, शिंपी, चांभार, पाथरवट, छपाईवाले असे हातावर पोट असलेले कारागीर. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. आधी स्वतःचं छोटं दुकान टाकायची आशा तरी असायची, आता मोठे ठेकेदार आणि व्यापारी मधे घुसले होते आणि कारागीर आयुष्यभर मजूरच राहणार हे दिसायला लागलं होतं. १८२९ साली या लोकांनी स्वतःचा पक्ष काढून बघितला, वर्किंग मेन्स पार्टी. पहिल्याच निवडणुकीत एबेनेझर फोर्ड नावाचा सुतार राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. मग जे व्हायचं तेच झालं. कुणाला जमिनीची फेरवाटणी हवी, कुणाला सरकारी शाळा हव्यात, कुणाला नुसतंच पुढारीपण हवं. दोन वर्षांत पक्षाच्या चिंध्या झाल्या.

१८३३ मध्ये न्यूयॉर्कच्या सुतारांनी रोजी दीड डॉलर मिळावेत म्हणून संप केला. या वेळी वेगळं घडलं. दुसऱ्या धंद्यांतल्या लोकांनी सुतारांसाठी पैसे जमवले. सुतार जिंकले. आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की एकेका धंद्याची वेगळी चूल मांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक संघटना करावी. त्यातून जनरल ट्रेड्स युनियन उभी राहिली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला ईली मूर. बोलायला वाघ होता. पुढच्या तीन वर्षांत एकट्या न्यूयॉर्कमध्ये पन्नासच्या आसपास धंद्यांच्या संघटना तयार झाल्या.

ऑगस्ट १८३४ मध्ये न्यूयॉर्क, ब्रुकलिन, बोस्टन, फिलाडेल्फिया, नेवार्क वगैरे शहरांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि देशपातळीवरची नॅशनल ट्रेड्स युनियन स्थापन झाली. त्याचाही पहिला अध्यक्ष मूर. आणि गंमत बघा. या पहिल्याच अधिवेशनात वाद कशावरून झाला? "राजकीय" या एका शब्दावरून. १८२९ च्या पक्षाची चव तोंडात होती. पुष्कळ प्रतिनिधी म्हणाले, राजकारण आणलं की फाटाफूट होते, नकोच ते. शेवटी संघटनेनं पक्षीय राजकारणापासून लांब राहायचं ठरवलं.

हे ठरलं ऑगस्टमध्ये. नोव्हेंबरमध्ये संघटनेचे अध्यक्ष महाशय टॅमनी हॉलच्या तिकिटावर काँग्रेसवर निवडून आले. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद. आपल्या पक्षाशी संबंध नाही, उगाच गैरसमज नको.) टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्कमधलं डेमोक्रॅटिक पक्षाचं यंत्र. तिकीट, नोकऱ्या, ठेके, दारू, मतं, सगळं एका छताखाली. तुमच्या डोळ्यांसमोर जे कार्यालय आलं असेल तेच.

तर हा तुमचा १८३४ चा इतिहास. कामगारांनी नेता संसदेत "पाठवला" नाही. पक्षानं कामगारांचा नेता उचलला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि माझी सगळी पोस्ट त्या फरकावरच आहे.

आता कुणी म्हणेल, कुणाच्या का तिकिटावर जाईना, आत जाऊन काम केलं की नाही ते सांगा. सांगतो. आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे.

एप्रिल १८३६. दक्षिण कॅरोलिनाचे सभासद वॅडी थॉम्पसन यांनी सभागृहात उत्तरेतल्या मजुरांबद्दल गरळ ओकली होती. हे लोक लुटालूट करतील, बंड करतील, अशा अर्थाचं. दक्षिण कॅरोलिना म्हणजे गुलामांच्या जिवावर कापूस पिकवणाऱ्या बड्या जमीनदारांचं राज्य. मूर उत्तर द्यायला उठला. तब्येत बरी नव्हती. पण बोलला तो असा की ऐकणारे चरकले. देशाला धोका गरिबांच्या गर्दीपासून नाही, मूठभर श्रीमंतांच्या हाती सगळं एकवटण्यापासून आहे, असा त्याचा एकूण रोख. कामगारांनी संघटना करणं हा गुन्हा कसा, भांडवलवाले एकत्र येतात ते चालतं आणि मजूर एकत्र आले की कट होतो का, हे त्या सभागृहात त्याआधी इतक्या ठामपणे कुणी विचारलं नसावं. बोलता बोलता तो कोसळला. भाषण पुरं झालंच नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. एक छपाईवाला, जमीनदारांच्या सभागृहात, भोवळ येऊन पडेपर्यंत मजुरांची बाजू मांडतोय. याच्यावर पोवाडा रचायला हरकत नाही.

आणि ही बाजू मांडायची गरज केवढी होती ते त्याच जूनमध्ये दिसलं. न्यूयॉर्कच्या शिंप्यांनी मजुरी कमी करायला विरोध करून संप केला म्हणून त्यांच्यावर कट केल्याचा खटला चालला. न्यायाधीश एडवर्ड्स यांनी वीस शिंप्यांना दंड ठोठावला. त्यांच्या अध्यक्षाला १५० डॉलर, एकाला १००, बाकीच्यांना ५० प्रत्येकी. एकूण १,१५० डॉलर. रोजी दीड डॉलरसाठी सुतारांना संप करावा लागला होता हे लक्षात ठेवा, म्हणजे ५० डॉलर किती होतात ते कळेल. शहरभर शवपेटीचं चित्र असलेली पत्रकं लागली. सिटी हॉलसमोर जी सभा झाली तिला २७ हजार लोक होते असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी म्हटलं. न्यायाधीशाचा पुतळा जाळला. त्या काळात त्या शहरात २७ हजार म्हणजे काय, विचार करा.

तेव्हा मूरचं ते भाषण पोकळ नव्हतं. एवढं मी मान्य करून पुढे जातो.

आता दुसरी बाजू. आणि ही फक्त १८३६ नंतर सुरू होत नाही, ती काँग्रेसमध्ये पाय ठेवायच्या आधीपासूनची आहे.

न्यूयॉर्कच्या कारागिरांची एक मोठी तक्रार होती तुरुंगातल्या कामाबद्दल. सिंग सिंग आणि ऑबर्न इथल्या तुरुंगांत कैद्यांकडून दगड घडवून घेणं, चपला-बूट शिवून घेणं, अशी कामं ठेकेदारांना दिली जायची. कैद्याला मजुरी द्यायची नाही, त्यामुळे माल स्वस्त. बाहेरचा पाथरवट आणि चांभार मरतोय. १८३४ मध्ये गव्हर्नर मार्सी यांनी चौकशीसाठी तीन जणांचं मंडळ नेमलं. मार्सी डेमोक्रॅटिक पक्षाचे. मंडळात एक नाव कुणाचं? आपल्या मूरचं. कामगार खूश. आपला माणूस आत आहे म्हटल्यावर निकाल आपल्याच बाजूनं लागणार.

१८३५ च्या सुरुवातीला अहवाल आला. थोड्या धंद्यांना त्रास होतो खरा, पण बहुतेक धंद्यांना तुरुंगातल्या कामाच्या स्पर्धेमुळे फारसं नुकसान होत नाही, असा त्याचा मथितार्थ. आणि खाली मूरची सही. कामगारांच्या सभांमध्ये आग भडकली. ज्याला आपण अध्यक्ष केलं त्यानंच आपली मान कापली अशी भावना झाली. मूरच्या जागी जनरल ट्रेड्स युनियनचा अध्यक्ष झाला जॉन कॉमरफोर्ड. हा माणूस धंद्यानं खुर्च्या बनवणारा. म्हणजे बघा, खुर्च्या बनवणारा संघटनेत राहिला आणि छपाईवाला खुर्चीवर जाऊन बसला. हा विनोद माझा नाही, इतिहासाचाच आहे.

तो अहवाल डोक्यात ठेवा. "स्पर्धेमुळे फारसं नुकसान नाही." आता चार वर्षं पुढे चला.

फेब्रुवारी १८३९. तेच सभागृह. मूर १८३८ ची निवडणूक हरला होता, मुदत संपायला महिना राहिला होता. तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्यांचे अर्ज संसदेवर धो-धो येत होते, खास करून राजधानीच्या वॉशिंग्टन जिल्ह्यात तरी ती बंद करा असे. संसदेनं १८३६ पासून नियमच केला होता की असले अर्ज वाचायचेही नाहीत, चर्चाही करायची नाही. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी सभासद म्हणून बसून या नियमाशी एकहाती झुंजत होते. आणि मूरनं काय आणलं? वॉशिंग्टनच्या काही नागरिकांचं उलटं निवेदन. गुलामगिरीविरोधी अर्ज स्वीकारूच नका म्हणणारं. ते मांडताना त्यानं भाषण केलं. गाभा काय? काळे गुलाम मुक्त झाले तर ते उत्तरेत येतील, गोऱ्या मजुराशी स्पर्धा करतील, त्याची मजुरी पाडतील, त्याला आपल्या पायरीला आणतील. म्हणून कामगारांच्या भल्यासाठी गुलामगिरीला हात लावू नका.

वाचलंत? १८३५ मध्ये फुकट राबणाऱ्या कैद्यांच्या स्पर्धेनं कामगाराचं फार काही बिघडत नव्हतं. १८३९ मध्ये अजून साखळीतच असलेल्या माणसाच्या संभाव्य स्पर्धेनं कामगाराचा सत्यानाश होणार होता. हिशेब उलटा झाला. कारण दोन्ही वेळा हिशेब कामगाराचा नव्हताच. पहिल्या वेळी राज्यातलं पक्षाचं सरकार अडचणीत येत होतं. दुसऱ्या वेळी पक्षाला दक्षिणेतले जमीनदार सांभाळायचे होते. कामगाराचं नाव फक्त दोन्ही कागदांच्या वर लिहायला लागलं.

आणि सगळ्यात वाईट काय, तर तीन वर्षांपूर्वी ज्या जमीनदारांच्या प्रतिनिधीला उत्तर देताना हा कोसळला होता, त्याच जमीनदारांची वकिली तो आता करत होता.

आता कमेंटमध्ये दोघं-तिघं नक्की म्हणणार, "साहेब, तो काळच तसा होता, तेव्हा सगळेच तसे होते." हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं, प्रत्येक विषयावर. नाही, सगळेच तसे नव्हते. मूरच्याच शहरातली, मूरच्याच वर्तुळातली दोन माणसं सांगतो.

एक जॉर्ज हेन्री इव्हान्स. हाही छपाईवालाच. 'वर्किंग मॅन्स ॲडव्होकेट' नावाचं कामगारांचं पत्र काढायचा. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामानं बंड केलं, सगळा गोरा देश हादरला, तेव्हा इव्हान्सनं त्या गुलामांची बाजू घेतली. कामगारांच्या पत्रात. तेव्हा!

दुसरा विल्यम लेगेट, 'ईव्हनिंग पोस्ट'चा संपादक. हा आधी गुलामगिरीविरोधकांना नावंच ठेवायचा. पण त्यांच्यावर होणारे हल्ले आणि त्यांची तोंडं बंद करायचे प्रयत्न बघून बदलला. कामगारांच्या संघटनेच्या हक्कासाठी त्यानं लिहिलं आणि गुलामगिरीविरुद्धही लिहिलं. त्याच्या लेखी ते एकच भांडण होतं. १८३८ मध्ये काँग्रेसच्या तिकिटासाठी त्याचं नाव पुढे आलं. टॅमनीला त्याच्याकडून गुलामगिरीबद्दल थोडं मऊ बोलणं हवं होतं. तो बोलला नाही. तिकीट गेलं. पुढच्या वर्षी अवघ्या ३८ व्या वर्षी वारला. ज्या यंत्रानं मूरला तिकीट दिलं त्याच यंत्रानं लेगेटला का नाकारलं, यावर मेसेज बनवणाऱ्यांनी जरा विचार करावा. पत्रकार म्हणून मला लेगेट जास्त जवळचा वाटतो, त्यामुळे मी थोडा पक्षपाती असेन, असू द्या.

कामगारांमध्येही उदाहरण होतं. जून १८३५ मध्ये फिलाडेल्फियात दहा तासांच्या दिवसासाठी मोठा संप झाला, शहरातल्या सगळ्या धंद्यांचा. तो सुरू कुणी केला? नदीकाठी कोळसा उतरवणाऱ्या आयरिश हमालांनी. सगळ्यात खालचे, सगळ्यांनी हिणवलेले, ज्यांना कारागीर आपल्यात धरत नव्हते ते लोक. त्यांच्यामागून सुतार आले, चांभार आले, छपाईवाले आले. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मधे न्याहारी आणि जेवणाला सुटी. जिंकले. खालच्याला सोबत घेतलं म्हणून जिंकले. त्याउलट नॅशनल ट्रेड्स युनियनच्याच १८३६ च्या अधिवेशनात बायकांच्या कामावर समिती बसली आणि तिचा सूर असा, की बायका कामाला आल्यामुळे पुरुषांची मजुरी पडते. लोवेलच्या गिरण्यांतल्या पोरी १८३४ मध्ये आणि पुन्हा १८३६ मध्ये स्वतः संपावर उतरल्या होत्या, त्याच वर्षांतलं हे. म्हणजे रोग एकट्या मूरचा नव्हता. आपल्या खाली जो उभा आहे तोच आपला भाकरतुकडा पळवतोय, ही समजूत संघटनेतच होती. मूरनं तिचं राजकारण केलं.

पुढे १८३७ ची मंदी आली. बँका बुडाल्या, हजारो लोक रस्त्यावर आले, संघटना पत्त्याच्या बंगल्यासारख्या पडल्या. नॅशनल ट्रेड्स युनियन संपली. कामगारांकडे काही उरलं नाही. मूरकडे मात्र उरलं. १८३९ मध्ये खासदारकी गेली, त्याच वर्षी न्यूयॉर्क बंदराचा सर्व्हेअर म्हणून नेमणूक. १८४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी मार्शल केलं. मग गावी जाऊन वर्तमानपत्र. १८५३ मध्ये कॅन्सस भागात मायामी आणि इतर आदिवासी जमातींवरचा सरकारी एजंट. १८५४ च्या करारानं मायामींची तिथली बरीचशी जमीन सरकारकडे गेली. १८५५ मध्ये लेकॉम्प्टन इथल्या सरकारी जमीन कार्यालयाचा रजिस्ट्रार. लेकॉम्प्टन म्हणजे कॅन्ससमधल्या गुलामगिरीवाल्यांची राजधानी, जिथे १८५७ मध्ये गुलामगिरी मान्य करणारी राज्यघटना तयार झाली. अशा ठिकाणी, अशा काळात जमिनीच्या कार्यालयाचा प्रमुख म्हणून कुणाला बसवतात हे मी सांगायला नको, तलाठी कार्यालयात ज्यानं चकरा मारल्यात त्याला कळतं.

२७ जानेवारी १८६१ ला तो तिथेच वारला. दोन दिवसांनी, २९ जानेवारीला, कॅन्सस अमेरिकेत राज्य म्हणून सामील झालं. गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून.

म्हणजे मग कामगार नेत्यानं राजकारणात जाऊच नये का? मी असं म्हणतोय असं ज्यांना वाटतंय त्यांनी पुन्हा वरून वाचावं. दहा तासांचा दिवस सरकारी कामांवर लागू झाला तो राजकारणानंच, १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या आदेशानं. संघटनेनं आधी काही वर्षं संसदेचे आणि राष्ट्राध्यक्षांचे उंबरे झिजवले होते. आणि पुढच्या काळातला विल्यम बी. विल्सन बघा. स्कॉटलंडहून आलेला पोरगा, नवव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. खाण कामगारांच्या संघटनेचा सेक्रेटरी-खजिनदार झाला, १९०७ ते १९१३ काँग्रेसमध्ये होता. तिथल्या कामगार समितीचा अध्यक्ष झाला आणि १९१३ मध्ये कामगार खातं स्वतंत्र झालं तेव्हा त्याचा पहिला मंत्री. तोही डेमोक्रॅटिक पक्षाचाच. पण त्याच्यामागे खाण कामगारांची जिवंत संघटना होती. ती बोलावेल तेव्हा त्याला जावं लागत होतं. मूरच्या मागे १८३७ नंतर फक्त पक्ष उरला होता.

या गोष्टीचा आपल्या मातीशी एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूर मेल्यावर बारा वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं. अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवला जावा अशी आशा जोतीरावांनी त्यात व्यक्त केली. आणि त्याच जोतीरावांच्या सत्यशोधक वर्तुळातून नारायण मेघाजी लोखंडे आले, ज्यांनी 'दीनबंधु' चालवलं आणि १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. म्हणजे आपल्याकडची कामगार चळवळ ज्या घरात जन्मली, त्या घरानं अमेरिकेतून आदर्श घेतला तो मूरच्या विरोधकांचा. आणि आज आपण त्या घराचे वारस म्हणवणारे मूरचं साल बॅनरवर छापतोय. लोखंड्यांचं नाव त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. एवढी लाज बास आहे.

आता मूळ मुद्द्यावर. आपल्या एमआयडीसीत कायम कामगार किती उरलेत आणि ठेक्यावरचे किती, हे गेटवर शिफ्ट सुटताना अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. एकाच मशिनवर दोघं, पगारात दुपटीपेक्षा जास्त फरक. ठेक्यावरची पोरं बरीचशी बाहेरच्या राज्यांतली किंवा आपल्याच डोंगरपट्ट्यातली. गेल्या दोन वर्षांत गेटमीटिंगची जी भाषणं मी ऐकली त्यांत या पोरांचा उल्लेख कसा येतो? "यांच्यामुळे आपला रेट पडला." टाळ्या पडतात. ठेका कुणी आणला, मजूर पुरवायचा परवाना कुणाच्या मेहुण्याकडे आहे, यावर टाळ्या पडत नाहीत, कारण ते कुणी बोलतच नाही. ही १८३९ ची भाषा आहे. फरक फक्त इतकाच, की इथं अजून तिकीटही मिळालेलं नाही.

म्हणून मी संबंधित पुढाऱ्यांना लेखी तीन प्रश्न पाठवलेत. तुमच्या संघटनेत ठेका कामगाराला सभासदत्व आहे का, आणि नसेल तर कधी देणार? तुम्ही ज्या पक्षाकडे तिकीट मागताय त्या पक्षातले मजूर पुरवठादार कोण कोण आहेत आणि त्यांच्याविरुद्ध उभं राहाल का? निवडून आलात तर संघटनेचं अध्यक्षपद सोडणार की ठेवणार, आणि सोडलंत तर तुमच्या जागी येणाऱ्याला तुमचा हिशेब मागायचा अधिकार राहील का?

उत्तर आलं की जसंच्या तसं इथेच टाकतो, एक शब्द न बदलता. आठ दिवसांत नाही आलं तर तेही टाकतो. ज्यांच्याकडे तो मेसेज आलाय त्यांनी ही पोस्ट त्याच ग्रुपवर त्याच्याच खाली चिकटवावी. कमेंटमध्ये शिवीगाळ केली तर डिलीट करणार नाही, पण उत्तरही देणार नाही.